कल्चर रिपोर्टमध्ये जंतू निघाले, तर तो आजार आहे की नुसती वस्ती, हे कसे ओळखावे

लघवीच्या कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडतो. त्यावर ‘ई. कोलाय, दर मिलिलिटरला एक लाखाहून अधिक’ अशी एक ओळ असते आणि तिच्याखाली अँटिबायोटिकांची लांबलचक यादी, प्रत्येक नावापुढे ‘एस’ (जंतू त्या औषधाला दाद देतो) किंवा ‘आर’ (दाद देत नाही). असा कागद घरात आला की सगळ्यांचे लक्ष त्या यादीकडे जाते आणि ‘यातले कोणते औषध लागू पडेल’ एवढाच प्रश्न उरतो. औषधाची गरज आहे का, हा त्याच्या आधीचा प्रश्न विचारायचा राहून जातो. मी अनेक वर्षे सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत असे रिपोर्ट तयार करत आले आहे, आणि माझे ठाम मत आहे की या कागदाचा अर्धाच अर्थ कागदावर लिहिलेला असतो. अमुक जंतू अमुक ठिकाणी सापडला, एवढेच कल्चर सांगते. त्या जंतूने शरीराला डिवचले आहे का आणि शरीराने त्याला उत्तर दिले आहे का, हा उरलेला अर्धा अर्थ रुग्णाच्या अंगावर शोधावा लागतो. तो कसा शोधायचा, हे इथे सांगते. औषध द्यायचे की नाही हा निर्णय डॉक्टरांचाच असतो. पण डॉक्टरांना नेमकी माहिती देता यावी आणि नेमके विचारता यावे, इतपत समज प्रत्येक घरात असायला हवी.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

कल्चरमध्ये जंतू वाढला याचे तीन अर्थ होऊ शकतात. पहिला म्हणजे नमुना घेताना बाहेरचा जंतू त्यात मिसळला. दुसरा म्हणजे जंतू खरोखरच त्या जागी राहतो आहे, पण शरीराला त्याचा त्रास नाही. यालाच आम्ही वस्ती म्हणतो. तिसरा म्हणजे जंतू पेशींच्या थरातून आत शिरला आहे किंवा त्याची विषे आत पोहोचली आहेत आणि शरीर त्याच्याशी झुंजते आहे, हा आजार. प्रयोगशाळेतल्या बशीवर या तिन्ही गोष्टी सारख्याच दिसू शकतात.

ते कसे, हे समजण्यासाठी बशी जवळून पाहू. लघवीचा नमुना आला की एक मिलिलिटरचा हजारावा भाग मावेल अशी तारेची बारीक कडी आम्ही त्यात बुडवतो आणि पोषक जेली ओतलेल्या बशीवर ती ओढतो. बशी रात्रभर ३५ ते ३७ अंशांच्या उबेत ठेवली की सकाळी तिच्यावर ठिपके उमटलेले असतात. मॅककॉन्की नावाच्या जेलीवर ई. कोलायचे ठिपके गुलाबी, सपाट आणि कोरडे दिसतात. एक ठिपका म्हणजे मुळातला एक जंतू, असे धरून ठिपके मोजायचे आणि हजाराने गुणायचे. शंभर ठिपके म्हणजे दर मिलिलिटरला एक लाख. रिपोर्टमधला एक लाखाचा आकडा असा येतो. त्याला महत्त्व मिळाले ते अमेरिकेतील डॉक्टर एडवर्ड कास यांच्या १९५० च्या दशकातील कामामुळे. लघवी बाहेर येताना त्वचेवरचे थोडे जंतू तिच्यात मिसळणारच. तेव्हा मिसळलेले जंतू कोणते आणि मूत्राशयात खरोखर वाढलेले कोणते, हे वेगळे करायला त्यांनी हा आकडा वापरला. तो पहिल्या आणि दुसऱ्या अर्थातला फरक सांगतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थातला फरक सांगण्यासाठी तो मुळात काढलेलाच नव्हता, आणि आज सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो.

आता हाच नमुना उन्हाळ्यात बाटलीत चार तास तसाच पडून राहिला तर काय होईल, याचा विचार करा. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. सकाळी घरी घेतलेला नमुना एसटीने तालुक्याला पोहोचेपर्यंत काही शेकड्यांचे लाख झालेले असतात. म्हणून रिपोर्ट वाचण्याची पहिली पायरी घरातूनच सुरू होते: जागा पाण्याने स्वच्छ धुवावी, सुरुवातीची धार सोडून द्यावी, मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी, आणि डबी दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत द्यावी. ते शक्य नसेल तर ती फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नव्हे, ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना द्यावा. एक गोळी घेतली असली तरी तसे फॉर्मवर लिहावे. रिपोर्टमध्ये तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र निघाले असतील, तर तो नमुना मिसळीचा आहे असे समजून पुन्हा द्यावा लागण्याची तयारी ठेवावी.

शरीर जंतूंना राहू कसे देते

आपल्या अंगावर आणि आत राहणाऱ्या जिवाणूंची संख्या आपल्या स्वतःच्या पेशींच्या संख्येच्या आसपास आहे. इस्रायलच्या वाइझमान संस्थेतील संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार सत्तर किलोच्या माणसात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांचे एकत्रित वजन सुमारे दोनशे ग्रॅम भरते. यातले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. इतक्या मोठ्या संख्येविरुद्ध शरीराने सतत लढत राहायचे ठरवले तर सूज, ताप आणि वेदना यांतून आपली कधीच सुटका होणार नाही. म्हणून रोगप्रतिकारशक्तीचे रोजचे काम मारण्यापेक्षा अंतर राखण्याचे आहे.

मोठ्या आतड्यात श्लेष्माचे दोन थर असतात. बाहेरचा सैल थर जंतूंनी भरलेला असतो, तर आतला दाट थर जवळजवळ जंतुविरहित असतो. आतड्याच्या भिंतीमागच्या पेशी दिवसाला काही ग्रॅम आयजीए हे प्रतिपिंड श्लेष्मात सोडतात. हे प्रतिपिंड जंतूंना चिकटते, त्यांचे गुठळे करते आणि त्यांना भिंतीपासून दूर ठेवते. ते करताना सूज येऊ देत नाही. जंतू ओळखणाऱ्या काही खुणा, म्हणजे विशिष्ट प्रथिने, भिंतीच्या पेशींनी मुद्दाम मागच्या बाजूला ठेवलेल्या असतात. जंतूची शेपटी ज्या प्रथिनाची बनते ते ओळखणारी खूण याचे चांगले उदाहरण आहे: आतड्याच्या पोकळीत जंतू कितीही वळवळले तरी ती गप्प राहते, जंतू भिंत ओलांडून मागे आला की मात्र ती गजर करते. अंगणात कोण फिरते याची दखल नाही, उंबरठा ओलांडला की दखल, अशी ही व्यवस्था आहे.

अशा खुणा असतात, हे फार जुने ज्ञान नाही. जिवाणूच्या बाह्य आवरणातील एका घटकाला शरीर ‘टीएलआर-४’ या प्रथिनाच्या मदतीने ओळखते, हे ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले. त्याआधी १९९६ मध्ये ज्यूल्स हॉफमान यांच्या गटाने फळमाशीत ‘टोल’ नावाच्या प्रथिनाची अशीच भूमिका दाखवली होती. त्या दोघांना २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

राहणारे जंतूही मोबदला देतात. आतड्यातले जंतू आपण न पचवलेल्या तंतूंपासून ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात; ती आतड्याच्या भिंतीच्या पेशींचे अन्न असतात आणि प्रतिकारशक्तीला संयम शिकवणाऱ्या पेशींना बळ देतात. शिवाय जागा आणि अन्न अडवून ठेवल्यामुळे बाहेरून आलेल्या उपद्रवी जंतूला पाय रोवता येत नाही. अँटिबायोटिकने ही वस्ती उठवली की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जंतू माजून तीव्र जुलाब होऊ शकतात. विनाकारण घेतलेल्या औषधाचा तोटा कशात असतो, हे यावरून लक्षात येईल.

शरीराचे उत्तर कसे वाचावे

जंतूने उंबरठा ओलांडला की त्या भागातील पहारेकरी पेशी रासायनिक निरोप धाडतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून जागा लाल आणि गरम होते. त्यांच्या भिंती सैल होऊन द्रव बाहेर झिरपतो, म्हणून सूज येते. त्याच रसायनांनी मज्जातंतू चेततात, म्हणून दुखते. रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. त्यांच्या मृतदेहांचा साठा म्हणजे पू. आत घुसलेल्या परक्या वस्तूला पेशी येऊन घेरतात हे इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये सिसिलीत तारामाशाच्या पारदर्शक अळीला काटा टोचून पाहिले, आणि पू हा शत्रू नसून बचावाची खूण आहे हे कळायला तेव्हापासून सुरुवात झाली. निरोप मेंदूपर्यंत पोहोचला की ताप येतो आणि यकृतापर्यंत पोहोचला की तिथे सीआरपी हे प्रथिन तयार होऊ लागते. ते साधारण सहा ते आठ तासांत वाढू लागते आणि दोन दिवसांच्या आसपास शिखर गाठते. त्यामुळे दुखणे सुरू झाल्यावर दोन तासांत काढलेला सीआरपी नॉर्मल आला, तर त्यावर विसंबू नये.

कल्चरचा रिपोर्ट हातात घेतल्यावर मग पुढील गोष्टी त्याच्या शेजारी मांडाव्यात: त्या जागी नवी वेदना, लाली, ऊब किंवा सूज आहे का, ताप किंवा हुडहुडी आहे का, पू आहे का, त्या अवयवाचे काम बिघडले आहे का, आणि रक्तातील पांढऱ्या पेशी व सीआरपी काय सांगतात. यांतले काहीच नसेल तर सापडलेला जंतू बहुधा वस्तीला आहे. आकडा मोठा आहे किंवा जंतूचे नाव भीतीदायक आहे, एवढ्यावरून हे अनुमान बदलत नाही. त्या जंतूवर बहुतेक औषधे ‘आर’ आली असली तरीही बदलत नाही: औषधाला दाद न देणे आणि आजार घडवणे हे जंतूचे दोन वेगळे गुण आहेत.

लघवीचा रिपोर्ट

माझ्या आत्यांचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर होते. मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीसोबत कोणीतरी लघवीचे कल्चरही करून घेतले आणि त्यात ई. कोलाय निघाला. त्यांना जळजळ नव्हती, ताप नव्हता, वरचेवर जावे लागत नव्हते, कंबर-कुशीत दुखत नव्हते. तरीही सात दिवसांचे औषध झाले. पुन्हा कल्चर केले, पुन्हा जंतू निघाला, मग दुसरे औषध झाले. तिसऱ्या खेपेला त्यांना जुलाब लागून त्या अंथरुणाला खिळल्या, आणि मला कळले ते त्यानंतर. मी रोज असे रिपोर्ट देत होते आणि माझ्याच घरात हे घडले, याची हळहळ मला अजून आहे.

त्रास नसताना लघवीत जंतू असणे ही वयस्कर स्त्रियांमध्ये अगदी नेहमीची गोष्ट आहे. वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी राहणाऱ्या स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण पाव ते निम्मे इतके आढळते, आणि महिनाभर कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) असलेल्या जवळपास प्रत्येक माणसाच्या लघवीत जंतू असतातच, कारण नळीवर ते चिकट थर करून राहतात. अमेरिकेच्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार अशा स्थितीत, मधुमेह असला तरीही, शोध घेऊ नये आणि उपचारही करू नयेत. लघवीला वास येणे किंवा ती गढूळ दिसणे ही एकट्याने संसर्गाची खूण नव्हे. पाणी कमी प्यायले तरी असे होते.

जंतू असूनही शरीर गप्प का राहते, याचे उत्तर स्वीडनमधल्या संशोधनातून मिळाले आहे आणि मला ते फार महत्त्वाचे वाटते. मूत्रमार्गात आजार घडवणाऱ्या ई. कोलायच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात. त्यांनी तो मूत्रमार्गाच्या अस्तराला पकडतो, आणि ही पकड बसली की अस्तरातील पेशी निरोप धाडून न्यूट्रोफिल बोलावतात. गोटेबर्गमधील एका शाळकरी मुलीच्या लघवीत ई. कोलायचा एक वंश तीन वर्षे कसलाही त्रास न देता राहत होता. त्या वंशाला ‘८३९७२’ हा क्रमांक मिळाला. त्याची जनुके तपासली तेव्हा हे तंतू बनवण्याची त्याची क्षमता मोडून गेलेली आढळली. आजार घडवणाऱ्या पूर्वजाने हत्यारे टाकली होती आणि म्हणून त्याला राहायला जागा मिळाली होती. पुढे लुंडच्या संशोधकांनी हाच वंश वारंवार संसर्ग होणाऱ्या रुग्णांच्या मूत्राशयात मुद्दाम वसवला, तेव्हा त्यांना संसर्ग कमी वेळा झाला. इटलीत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानेही याला पुष्टी दिली: पूर्वी वारंवार संसर्ग झालेल्या तरुण स्त्रियांमध्ये त्रास नसताना निघालेल्या जंतूंवर औषध दिले, तेव्हा त्यांना न दिलेल्यांपेक्षा पुढच्या वर्षभरात जास्त वेळा संसर्ग झाला. निरुपद्रवी वस्ती उठवली की रिकाम्या जागेवर दांडगा येऊन बसतो.

लघवीच्या साध्या तपासणीत ‘पस सेल्स’, म्हणजे पुवातल्या पांढऱ्या पेशी, किती, हेही पाहतात. ती संख्या कमी असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग असण्याची शक्यता कमी होते, आणि या अर्थाने ही तपासणी उपयोगी आहे. उलट दिशेने मात्र सावध राहावे. वयस्कर माणसांत नुसत्या वस्तीसोबतही पस सेल्स वाढलेल्या सापडतात. त्यामुळे केवळ त्या वाढल्या म्हणून औषध घेऊ नये. जळजळ, वरचेवर आणि घाईची लघवी, ओटीपोटात दुखणे, कुशीत दुखणे, थंडी वाजून ताप, यांपैकी काही नव्याने सुरू झाले असेल तर रिपोर्टचा अर्थ बदलतो. आपल्याकडे जळजळीला ‘उन्हाळी लागली’ म्हणून पाणी पिऊन दिवस काढण्याची रीत आहे. सोबत ताप किंवा कुशीत कळ असेल तर ते करू नये, कारण तेव्हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलेला असू शकतो.

गरोदर स्त्रीचा नियम निराळा आहे. गरोदरपणात मूत्रवाहिन्या सैल पडतात, लघवी साचते, आणि त्रास न देणारे जंतूसुद्धा मूत्रपिंडाकडे चढण्याचा धोका बराच वाढतो. म्हणून गरोदरपणाच्या सुरुवातीला एकदा कल्चर करावे आणि जंतू निघाले तर, त्रास नसला तरी, डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध पूर्ण घ्यावे. मूत्रमार्गाच्या ज्या शस्त्रक्रियेत आतले अस्तर खरचटणार आहे तिच्या आधीही असेच करतात, कारण तिथे उंबरठा डॉक्टरच्या हत्याराने ओलांडला जाणार असतो. लहान बाळाला दुखते कुठे हे सांगता येत नाही आणि नुसता ताप हीच त्याची तक्रार असू शकते. तापलेल्या बाळाच्या लघवीतला जंतू वस्ती म्हणून सोडून देऊ नये.

जखम आणि मधुमेहींचे पाय

उघड्या जखमेवर काही दिवसांत जंतू येणारच. जखमेच्या पृष्ठभागावर बोळा फिरवून केलेल्या कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस, स्यूडोमोनास किंवा आणखी काही निघाले, तर त्यावरून जखमेवर कोण बसले आहे ते कळते. आत कोण शिरले आहे ते कळत नाही. जखम संसर्ग झालेली आहे की नाही हे डोळ्यांनी आणि हातांनी ठरवायचे असते. भोवतीची त्वचा अर्ध्या सेंटिमीटरहून पुढे लाल झाली आहे, सूज आहे, हात लावल्यावर गरम लागते, दाबल्यावर दुखते, पू येतो, यांतल्या किमान दोन गोष्टी असतील तर मधुमेहींच्या पायाचे तज्ज्ञ तिला संसर्ग म्हणतात. यांपैकी काही नसेल तर कल्चरसाठी नमुना घेऊच नये, असा त्यांचा सल्ला आहे. संसर्ग असेल तर जखम धुऊन, मेलेली कातडी काढून, खालच्या मांसाचा तुकडा पाठवावा. पायाची संवेदना गेलेल्या मधुमेहींना दुखतच नाही, म्हणून त्यांनी वेदनेची वाट पाहू नये. रोज रात्री तळवा आरशात पाहावा आणि बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून ऊब, ओल किंवा सूज आहे का, हे घरातल्या कोणाकडून तरी तपासून घ्यावे.

नाक, घसा आणि बेडका

साधारण तीनपैकी एका माणसाच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस सापडतो. तिथे असताना तो काही करत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेत मात्र तोच जंतू रुग्णाच्या स्वतःच्या नाकातून जखमेत पोहोचू शकतो. म्हणून हृदयाच्या किंवा सांध्याच्या शस्त्रक्रियेआधी काही रुग्णालये नाकात मलम आणि अंघोळीला जंतुनाशक द्रव देतात. वस्ती मोडण्यात खरा फायदा असलेल्या मोजक्या प्रसंगांपैकी हा एक आहे.

लहान मुलांच्या नाक-घशात न्यूमोकोकस राहतो आणि बहुतेक वेळा शांत असतो. त्याच्याभोवती साखरेचे आवरण असते, त्यामुळे गिळणाऱ्या पेशींच्या हातून तो निसटतो. प्रतिपिंडे त्या आवरणाला चिकटली की मगच तो पकडीत येतो. आपल्या लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आलेली न्यूमोकोकसची लस बाळाला न्यूमोनियापासून वाचवतेच, शिवाय नाकातली त्या प्रकारांची वस्तीही कमी करते. त्यामुळे घरातल्या आजी-आजोबांपर्यंत पोहोचणारे जंतूही कमी होतात.

बेडक्याच्या रिपोर्टमध्ये कल्चरच्या आधीची ओळ वाचावी. सूक्ष्मदर्शकाखाली तोंडाच्या अस्तराच्या पेशी भरपूर दिसल्या असतील तर तो नमुना थुंकीचा आहे आणि त्यातल्या जंतूला फारसा अर्थ नाही. पस सेल्स भरपूर आणि अस्तराच्या पेशी कमी असतील तर तो छातीतून आलेला आहे. सकाळी चूळ भरून, खोल श्वास घेऊन, खाकरून काढलेला बेडका द्यावा.

विडाल आणि मांटू: इथे जंतू दिसतच नाही

आतापर्यंत आपण जंतू दाखवणाऱ्या तपासण्या पाहिल्या. काही तपासण्या मात्र फक्त प्रतिकारशक्तीची आठवण दाखवतात आणि त्यांच्यामुळेही खूप गोंधळ होतो.

‘विडाल पॉझिटिव्ह आली, टायफॉइड निघाला’ हे वाक्य महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येते. विडाल ही १८९६ मधली तपासणी आहे आणि ती टायफॉइडच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे मोजते. ही प्रतिपिंडे आजाराच्या पहिल्या आठवड्यात बहुधा तयारच झालेली नसतात, आणि पूर्वी कधी टायफॉइड झाला असेल किंवा लस घेतली असेल, तर आज ताप डेंग्यूचा असतानाही ती सापडू शकतात. तिसऱ्या दिवशीच्या तापात एकच विडाल करून निष्कर्ष काढू नये. टायफॉइडची शंका असेल तर पहिल्या आठवड्यातच, औषध सुरू होण्यापूर्वी, रक्ताचे कल्चर करून घ्यावे. रक्तात टायफॉइडचा जंतू वाढला, तर तिथे वस्तीचा प्रश्नच उरत नाही. रक्ताच्या कल्चरमध्ये केवळ एका बाटलीत त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस निघाला, तर मात्र तो बहुधा सुई टोचताना आलेला असतो, म्हणून दोन वेगळ्या ठिकाणांहून रक्त घ्यावे लागते.

टायफॉइडमध्ये एक अवघड गोष्ट अशीही आहे की बरे झालेल्यांपैकी थोड्या लोकांच्या पित्ताशयात तो जंतू वर्षानुवर्षे राहतो. न्यूयॉर्कमध्ये स्वयंपाक करणारी मेरी मॅलन स्वतः धडधाकट होती, पण ती जिथे जिथे काम करत गेली तिथे टायफॉइड होत गेला. १९०७ मध्ये हे उघडकीस आले. त्या व्यक्तीपुरती ती वस्ती होती, जेवणाऱ्यांसाठी मात्र आजार. अन्न शिजवणाऱ्या माणसांच्या बाबतीत म्हणून ‘त्रास नाही ना, मग सोडा’ हा नियम लागू होत नाही.

मांटू या क्षयाच्या तपासणीची सुई टोचल्यावर ४८ ते ७२ तासांनी येणारी गाठ क्षयाच्या जंतूची आठवण ठेवणाऱ्या टी पेशींमुळे (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींमुळे) येते. लाली मोजू नये. बोटाला टणक लागणाऱ्या उंचवट्याची रुंदी मोजावी, आणि १० मिलिमीटर किंवा अधिक असेल तर ती साधारणपणे पॉझिटिव्ह धरतात. याचा अर्थ जंतूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढाच. बहुतेकांच्या फुप्फुसात गिळणाऱ्या पेशी आणि टी पेशी मिळून जंतूभोवती कोंडाळे करतात आणि तो आयुष्यभर तिथेच डांबलेला राहतो. सुमारे ५ ते १० टक्के लोकांमध्ये पुढे कधीतरी आजार उमटतो. एचआयव्ही, स्टेरॉइड किंवा संधिवातावरची काही इंजेक्शने या कोंडाळ्याची भिंत कमकुवत करतात. मांटू पॉझिटिव्ह आली म्हणून क्षयरोग झाला असे समजून घाबरू नये, पण घरात क्षयाचा रुग्ण असेल तर छातीचा एक्स-रे काढून डॉक्टरांना प्रतिबंधक औषधाबद्दल अवश्य विचारावे.

शरीर उत्तर देऊ शकत नसेल तेव्हा

वर सांगितलेली सगळी रीत एका गृहीतावर उभी आहे: शरीराला ओरडता येते. केमोथेरपीने न्यूट्रोफिल संपलेले असतील तर पू होणारच नाही आणि एक्स-रेवरही फारसे दिसणार नाही. अशा माणसाचा नुसता ताप हीच धोक्याची घंटा आहे. स्टेरॉइड घेणाऱ्यांत ताप दबलेला असतो. फार वयस्कर माणसाला संसर्गात ताप येण्याऐवजी अंग थंड पडणे, जेवण तुटणे किंवा नव्याने बडबड सुरू होणे असे काही होते. मात्र आजोबा असंबद्ध बोलू लागले आणि लघवीत जंतू निघाले, म्हणून दोन्हींची सांगड लगेच घालू नये. ताप किंवा लघवीची तक्रार नसेल तर आधी पाण्याची कमतरता, नवे औषध, सोडियम, साखर आणि बद्धकोष्ठ पाहायला डॉक्टरांना सांगावे. श्वास वेगाने चालणे, हात-पाय थंडगार पडणे, लघवी कमी होणे, ग्लानी येणे यांपैकी काही असेल तर कोणत्याही रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण तेव्हा प्रतिकारशक्तीचे उत्तर आवाक्याबाहेर गेलेले असू शकते आणि तास मोलाचे असतात.

डॉक्टरांकडे जाताना

कल्चरच्या फॉर्मवर तक्रार काय आहे, ताप किती दिवस आहे, कॅथेटर आहे का, कोणते औषध चालू आहे, हे लिहून द्यावे. कोरा फॉर्म आला की मला बशीवरचा ठिपका दिसतो, त्यामागचा माणूस दिसत नाही. रिपोर्ट आल्यावर विचारावे: हा जंतू या जागी नेहमी राहणारा आहे का, माझ्या अंगावरची कोणती खूण त्याच्याकडे बोट दाखवते, दोन दिवस नुसती नजर ठेवली तर चालेल का, आणि औषध दिले तर किती दिवस. पट्टीवर लाल रेघ असलेले औषध जुन्या चिठ्ठीवरून किंवा शेजाऱ्यांच्या अनुभवावरून घेऊ नये. त्रास गेल्यानंतर जंतू गेला का हे पाहण्यासाठी पुन्हा कल्चर करण्याची सर्वसाधारण रुग्णाला गरज नसते. गरोदर स्त्रियांना मात्र ते करायला सांगतात.

जुने रिपोर्ट, औषध न घेतलेलेसुद्धा, तारखेनिशी फाइलमध्ये जपून ठेवावेत. आत्यांच्या फाइलमध्ये आता पहिल्या पानावर लिहिले आहे की त्यांच्या लघवीत ई. कोलाय असतो, त्यावर कोणती औषधे ‘आर’ आहेत, आणि त्रास नसताना कल्चर करू नये. गेल्या पावसाळ्यात त्यांना थंडी वाजून ताप आला आणि कुशीत दुखू लागले, तेव्हा नमुना पाठवून रिपोर्ट यायच्या आधीच त्या यादीवरून डॉक्टरांनी योग्य औषध निवडले.